केसांसाठी उकळलेला पाला

९ जानेवारी

चि. माजी सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आशीर्वादांना घटस्फोट लागू होत नाही, अशी माझी समजूत आहे. तुझ्या वकिलांचं मत वेगळं असेल तर कळव.

आज सकाळी पेपर उघडला आणि आतल्या पानावर तू! पांढरा कोट, तोच जाड चष्मा आणि हातात कुंडीतलं रोप. बाळाला लस टोचायला आणल्यासारखं धरलंयस. वर मथळा: 'रस्त्याकडेच्या तणाने तोंडाचा कॅन्सर हरणार'. मी पुन्हा पुन्हा वाचलं, मग कापून ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात काचेवर चिकटवलं. येणारे शिकाऊ विचारतात, "या कोण?" मी सांगते, "माझ्याकडे गाडी शिकली. परीक्षेत दोनदा नापास. आता बघा."

सून म्हणत नाही. जड वाहनांची बॅच अजून चिरंजीवच घेतात, त्यांचं ऑफिसात येणं-जाणं असतं. त्यांच्या कानावर पडलं तर उगाच तोंड पाडून बसतील.

फोनच केला असता. पण एक दाढ त्रास देतेय, बोलताना जीभ घासते, म्हणून सध्या मी कमी बोलते. हसू नकोस. विद्यार्थी खूश आहेत.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या जिभेच्या कडेला फोड आलाय आणि काही केल्या भरत नाही. त्यांच्यासाठी विचारते: हे तण नेमकं कुठलं? ऑफिसच्या मागे, जिथे मी तुला रिव्हर्स शिकवला, तिथे बारीक जांभळ्या फुलांचं काहीतरी माजलंय. तेच का? पानं घ्यायची की मुळं? रिकाम्या पोटी की जेवणानंतर? बाई फार भिडस्त आहेत, स्वतः विचारणार नाहीत.

उत्तराची घाई नाही. पण लवकर दे.

तुझी
(इथे काय लिहावं ते तूच सांग)


२८ जानेवारी

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. मायन्याच्या जागी तू काहीच लिहिलं नाहीस, नुसता स्वल्पविराम. 'आई' लिहावं की 'बाई' हे ठरेना, असंच ना? मला पार्किंगची सवय. रिकामी जागा दिसली, मी तिथे 'आई' लावून टाकलं आणि पुढे वाचलं.

चार पानं लिहिलीस, त्यातली साडेतीन 'नाही' आहेत. जांभळ्या फुलांचं तण तेच, एवढा एकच 'हो'. पेपरवाल्याने तिखटमिठाची पोतडी ओतली. त्या पानांतलं एक द्रव्य तुम्ही वेगळं काढलंत, काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवल्यात, त्यांवर ते टाकलंत, पेशी मेल्या. बस्स, एवढंच. उंदीर अजून व्हायचेत, माणूस तर फार लांब. 'बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात, म्हणून कुणी साबण पीत नाही.' वाक्य छान आहे. पेपरात हेच सांगायचं होतंस.

उरलेलं अर्धं पान मात्र ओळखीच्या बाईंसाठी होतं. इतके दिवस न भरलेला फोड डॉक्टरला दाखवायलाच हवा, उद्या नाही, आज. तिथे तुझं अक्षर बदललंय. पेन इतकं दाबलंस की मागच्या बाजूनेही वाचता येतं.

बाईंनी दाखवलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

सर्जन एक तरुण मुलगी आहे, नखं अगदी बोटापर्यंत कापलेली, बोलणं सावकाश. ती म्हणाली, जिभेचा कडेचा भाग कापायचा, मानेतल्या गाठी काढायच्या आणि डाव्या मनगटावरची कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून जिभेला ठिगळ लावायचं. लवकर केलं तर चांगली आशा आहे. बाईंनी विचारलं, "बोलता येईल?" ती म्हणाली, "येईल. पण आजच्यासारखं नाही."

आता या बाईंचा धंदा असा, की ओरडल्याशिवाय चालत नाही. समोरून ट्रक येतोय आणि शेजारी बसलेला पोरगा आरशात भांग पाहतोय, अशा वेळी 'आजच्यासारखं नाही' बोलून कसं चालेल?

जाऊ दे. किती लांबण लावू? तुला पहिल्याच पत्रात कळलं असणार. ओळखीच्या बाई आणि मी एकाच पलंगावर झोपतो.

आता माझं ऐक. ते द्रव्य तुझ्याकडे बाटलीत आहे. थोडं मला पाठव. काही झालं तर माझी जबाबदारी, हवी तिथे सही करून देते. लोक कुठल्या कुठल्या परक्याच्या औषधावर विश्वास ठेवतात, मी तर घरच्या माणसाच्या औषधावर ठेवतेय. चिरंजीवांना फक्त दाढ माहीत आहे. तूही काही सांगू नकोस.

तुझी
आई (लावून टाकलं ते टाकलं)


१६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद.

नाही म्हणालीस. पत्रातही 'नाही', फोनवरही 'नाही'. फोनवर मी नुसतं 'हं, हं' केलं ते रागाने नव्हे, दुखतं म्हणून. थोडं रागानेही.

तर ठरलं बाई. ऑपरेशनची तारीख घेतली, पुढच्या महिन्यात सुरुवातीलाच आहे. चिरंजीवांनाही सांगून टाकलं. एवढाले ट्रक वळवायला शिकवणारा माणूस, पण खुर्चीत बसला आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, तू दाढ म्हणाली होतीस ना?" मी म्हटलं, "दाढेच्या शेजारीच आहे." त्यावर हसला आणि हसता हसता उठून बाहेर गेला.

सर्जनबाईंनी सिगारेटचं विचारलं. खरं ते सांगितलं. ऐन उमेदीत शिकाऊंच्या शेजारी बसून ओढल्या, नाहीतर माझं हृदय केव्हाच बंद पडलं असतं. तू घरात आलीस तेव्हा सोडल्या, कारण तुला खोकला यायचा आणि खोकला आला की तू सॉरी म्हणायचीस. खोकणाऱ्याने सॉरी म्हणायचं आणि ओढणारीने ऐकायचं, हे काही मला पटेना.

बाकी ठीक. ऑफिसमागची जागा साफ करून घेतली, फारच रान माजलं होतं. त्यातला थोडा पाला घरी आणलाय, केसांसाठी. उकळून त्या पाण्याने धुते, गळायचे थांबतात म्हणे. पाणी काळपट हिरवं होतं. वास सहन होतो, पण कडू असं जहर, की साखर घातली तरी जीभ मागे सरते.

भूक जरा कमी झालीय आणि अंग जड वाटतं. काळजीने असेल. तू तुझे उंदीर सांभाळ.

तुझी
आई


१ मार्च

सूनबाई,

आज आशीर्वाद नाहीत.

चुगली केलीस. तीन वर्षं ज्या माणसाशी एक शब्द बोलली नाहीस, त्याला फोन केलास आणि तोही माझ्यावरून! काय म्हणालीस त्यांना? 'केस धुवायच्या पाण्यात कुणी साखर घालत नाही'? शास्त्रज्ञ बाई आहेस, की पोलीस?

चिरंजीव शिकवणी अर्धी टाकून आले. सरळ स्वयंपाकघरात. पातेलं गॅसवर होतं.

"आई, हे काय?"

"केसांसाठी."

त्यांनी गॅस बंद केला, पातेलं उचललं. "बस खाली. मी घालतो डोक्यावर."

"आत्ता नको. सर्दी होईल."

"रोज किती पितेस?"

"धुते म्हटलं ना."

"आई."

काय सांगू तुला, त्या एका 'आई'त मुलगा बापासारखा वाटला. "दोन कप," मी म्हटलं. "सकाळी एक, संध्याकाळी एक."

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, उजेडात खालची पापणी ओढून पाहिली आणि थेट गाडी काढली.

डोळे पिवळे झाले होते. आरशात मी रोज जिभेची कड बघायचे, डोळ्यांकडे लक्षच नव्हतं. रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे नको तितके वर. सर्जनबाई म्हणाली, "असं असताना भूल देता येणार नाही. आकडे उतरेपर्यंत थांबावं लागेल." मी विचारलं, "आणि फोड?" तिने पुन्हा बॅटरी घेतली, पाहिलं. म्हणाली, "तो थांबलेला नाही." माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ओरडली नाही. हात धुतले आणि विचारलं, "हा काढा प्यायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "माझंच डोकं."

तुझं नाव घेतलं नाही. एवढं तरी लक्षात ठेव.

आता मला पत्र लिहू नकोस आणि फोनही करू नकोस.

ता. क. येणारच असशील तर मधला रस्ता खोदून ठेवलाय. पुलाकडून ये.


१२ मार्च

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच धर.

परवा तपासणीला जाताना स्कूलच्या गाडीत तू बोललीस आणि मी गप्प बसले. जीभ दुखत होती हे खरं, पण बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, आणि शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून रडायचं नसतं. शेजारी चालवणारा घाबरतो. म्हणून आता लिहिते.

आधी तुझ्या चुका. पुलावर गियर चुकीचा होता. चौकात उजवीकडे न पाहता गाडी घातलीस, माझ्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून वाचलो. आणि कडेला घेतलीस तेव्हा इंडिकेटर दिला नाहीस.

कडेला घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं नाहीस. समोर बघूनच म्हणालीस, "आई, या पाल्याने काम करावं असं जगात सगळ्यात जास्त कुणाला वाटतं? मला. तुम्हाला नाही, मला. सहा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. घरसुद्धा नीट केलं नाही. आणि मीच सांगतेय ना, अजून नाही!"

मी हात लांबवून राहिलेला इंडिकेटर दिला.

"तो काढा फोडावरून नुसता वाहून जातो," तू म्हणालीस. "मग पोटात आणि पोटातून लिव्हरमध्ये. बशीत आम्ही एकच द्रव्य टाकतो, मोजून. तुमच्या पातेल्यात अख्खं झाड होतं. त्यातल्या बाकीच्या गोष्टी काय करतात हे मलाही माहीत नाही." मग तुझा आवाज चिरकला. "माझ्या पाल्याने तुम्ही गेलात, तर मी प्रयोगशाळेचं दार कसं उघडायचं? सांगा ना!"

याचं उत्तर तिथे दिलं नाही, ते हे.

सुरीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण नुसती तीच असती तर मी आणखी दहा गोष्टी प्यायले असते. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कसलीशी साल घेऊन आल्या होत्या, औषधाच्या दुकानदाराने कुठल्या तरी पुड्या सुचवल्या. सगळ्यांना हात जोडले. प्यायले तो तुझाच पाला.

तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा कोर्टाने तुम्हा दोघांनाच बोलावलं. सासूला आणि सुनेला वेगळं व्हायचंय का, हे कुणी विचारलंच नाही. तुझ्या वाढदिवसाला मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. कुठल्या नात्याने करणार? मग पेपरात तुझा फोटो आला. मनात आलं, हिचं औषध मला लागू पडलं, तर मी छातीठोकपणे म्हणू शकेन की ही मुलगी माझी कुणीतरी लागते.

मूर्खपणा आहे, कळतंय मला. तू पुलाकडून आलीस, गेटपाशी गाडी ठोकता ठोकता वाचवलीस आणि दारातूनच ओरडलीस, "आई, जीभ दाखवा!" तेव्हाच कळलं, की औषधाची काही गरज नव्हती.

आकडे उतरायला लागलेत. सर्जनबाईंनी नवी तारीख दिलीय. या वेळी जाईन. पातेलं चिरंजीवांनी फेकून दिलं. चांगलं जाड बुडाचं होतं.

तुझी
आई


१९ एप्रिल

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. घरी आले. उजव्या हाताला काही झालेलं नाही, म्हणून अक्षर बरं आहे. डावं मनगट मात्र आगपेटीच्या कडेसारखं खरखरीत झालंय. तिथली कातडी आता माझ्या तोंडात राहते. नवीन भाडेकरू आहे, अजून शेजाऱ्यांशी बोलत नाही.

नाकातली नळी कालच काढली. मानेवरची शिवण कानापासून हनुवटीपर्यंत आहे, सर्जनबाई म्हणते पुसट होईल. मी म्हटलं, म्हणजे लिहून दाखवलं, 'राहू दे, विद्यार्थी घाबरतील.' तपासणीत कापलेल्या तुकड्याच्या कडा साफ निघाल्यात. मानेतल्या एका गाठीत मात्र कॅन्सर पोचला होता, त्यामुळे रेडिएशन घ्यावं लागणार. त्या थांबण्याच्या दिवसांत पोचला का, असं मी विचारलं. सर्जनबाई म्हणाली, ते कुणालाच सांगता येणार नाही. तूही त्याचा विचार करत बसू नकोस. कारण तो पाला मी तोडला, मी उकळला आणि मीच प्यायले.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. 'ट' आणि 'र' अधूनमधून भेटायला येतात, 'ळ' तर घर सोडूनच गेलाय. काल 'शाळा' म्हणायला गेले आणि असं काही निघालं, की त्या बाई आणि मी दोघी हसत सुटलो. हसायला येतं मला. ते कापलेलं नाही.

तू चार दिवस राहिलीस, त्याबद्दल काही लिहीत नाही. नर्सने तुला विचारलं, "तुम्ही यांच्या मुलगी का?" तू म्हणालीस, "नाही, सून." चिरंजीव शेजारीच उभे होते. नर्स त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "मग हे तुमचे मिस्टर?" दोघं एकदम "नाही" म्हणालात! बिचारी फाइल घेऊन पळाली. मला टाके होते म्हणून, नाहीतर पलंगावरून पडले असते.

त्या रात्री तुम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये एका बाकावर बसून सँडविच वाटून घेत होतात. मी दारातून पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते चिरंजीवांनी ओळखलं. सकाळी म्हणाले, "आई, आम्ही नुसतं सँडविच खाल्लं. आता आम्हाला एकमेकांचा राग येत नाही, एवढंच झालंय. तू पुढचं काही बघू नकोस."

नाही बघत.

तुझी
आई


११ ऑक्टोबर

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं, चांगलं जाडजूड. दोन बातम्या आहेत. एक तू तीन पानं लिहिलीस आणि दुसरी शेवटच्या ओळीत, पानाच्या कोपऱ्यात कोंबलीस. आधी मोठी घेते.

उंदरांवर चाललं नाही. पोटातून दिलं तर गाठींना काहीच झालं नाही. लेप करून लावला तर तोंडातले पांढरे चट्टे, कॅन्सरच्या आधी येतात ते, जरा सावकाश वाढले, पण तेही योगायोग असू शकेल म्हणतेस. आणि म्हणतेस, 'सहा वर्षं पाण्यात गेली, तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?' माझ्याइतक्या विचित्र तोंडाला घाबरायचं कारण नाही. सांग बिनधास्त.

मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही, पण नापास झालेली माणसं तुझ्यापेक्षा जास्त पाहिलीत. नापास विद्यार्थ्याला मी कधी घरी पाठवलं नाही. आणि पास होईपर्यंत त्याच्या हातात एकट्याने गाडीही दिली नाही. तुझ्या पाल्याला तू रस्त्यावर सोडलं नाहीस, मी त्याच्यासाठी तुझ्या पाया पडत होते तरी नाही. मग वाया काय गेलं? लेपाचं पुन्हा करून बघ. योगायोग असेल तर कळेल. रोग चट्ट्यांवरच थांबला तर पुढे कुणाच्या जिभेला ठिगळ तरी लागणार नाही. नाही थांबला, तर रडून घे आणि दुसरं झाड बघ. झाडं पुष्कळ आहेत.

माझं ठीक. रेडिएशन संपून आता बरेच दिवस झाले. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सतत जवळ. चव हळूहळू येतेय, आधी आंबट आलं. परवा तपासलं, सर्जनबाई म्हणाली, सध्या सगळं स्वच्छ. सध्या, हा शब्द ती प्रत्येक वेळी लावते आणि मी त्यावर भांडत नाही. दुपारची बॅच सुरू केली. ओरडता येत नाही म्हणून डॅशबोर्डवर टिचकी मारते. एक म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांब. चिरंजीव म्हणतात, मुलं पूर्वीपेक्षा लवकर शिकतायत. हा मला टोमणा आहे, हे मला कळतं.

आता दुसरी बातमी.

'प्रयोगशाळेतच एकजण आहेत, आम्ही पुढच्या महिन्यात लग्न करतोय, तुम्हाला वाईट वाटणार नाही ना?' इतकं बारीक लिहिलंस, की चिरंजीवांचा चष्मा मागून घ्यावा लागला. मग त्यांनाही वाचायला दिलं. लपवून काय करायचं? वाचून ते म्हणाले, "बरं झालं." मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मनापासून म्हणाले. संध्याकाळी एकटेच लांबवर चालायला गेले, तेही मनापासूनच असावं.

मला वाईट वाटलं का? हो, वाटलं. सकाळी वाटलं आणि चहाच्या वेळी थोडं. दुपारी एका मुलीने पहिल्यांदाच चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलली, तिला शाबास म्हणताना माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःशीच हसतेय, आणि ते तुझ्यावरून.

तो माणूस कसा आहे, हे पत्रात लिहू नकोस. घेऊनच ये. लग्नाआधी या, म्हणजे माझ्याही डोळ्यांखालून जाईल. चिरंजीव दोन दिवस बाहेरगावी जाणार आहेत, त्यांनी मुद्दाम तेच दिवस सुचवलेत, तुम्हाला अवघडायला नको म्हणून.

एक आधीच सांगून ठेवते. मला जेवायला फार वेळ लागतो. घास एका बाजूनेच फिरतो, मधेच ओठातून ओघळतं, मग पुसावं लागतं. ऑपरेशन झाल्यापासून मी कुणासमोर जेवलेली नाही. शिंपीणबाई बोलावतात, मी पोट बिघडलंय म्हणून सांगते. चिरंजीव असले तरी ताट आत घेऊन जाते आणि दार लोटून घेते.

तुम्ही दोघं आलात की टेबल बाहेर मांडू. तुमच्यासमोर जेवीन.

तुझी
आई